जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: धंदा करणाऱ्या बाईने वापरून बघितलेला फुकटचा वकील

तारे द्यायचेच तर पाचातले चार. एक का कापला ते पुढे येईलच.

मी पावडर कोटिंगचं जॉबवर्क करते, म्हणजे दुसऱ्यांच्या लोखंडी मालावर पावडरीचा रंग ओव्हनमध्ये भाजून बसवून द्यायचं काम. कृष्णाकाठच्या एका एमआयडीसीत, भाड्याच्या गाळ्यात, २०१४ पासून. सात माणसं, दोन गन, एक बूथ, सात टाक्या आणि एक ओव्हन. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की बँकेची शाखा कुणीही ओळखेल, आणि त्या शाखेत माझं खातं अजून चालू आहे.

२०२३ च्या जूनमध्ये मोठ्या ओव्हनसाठी कर्ज मागायला गेले. जुन्या ओव्हनमध्ये सहा फुटांच्या वरचा माल जात नव्हता. गेट, ग्रिल, उंच रॅक असली कामं दारात येऊन परत जायची. कोटेशन, तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची रिटर्न, उद्यमचा (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) दाखला, सगळं लावून फाइल केली. मागणी ९ लाख २० हजारांची. मॅनेजरांनी फाइल उघडलीच नाही. "मॅडम, मिस्टर काय करतात?" मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. "मग त्यांना घेऊन या, आपण बोलू."

घेऊन गेले. तिथेच चुकलं माझं. चहा दोन कप आला, एक मॅनेजरांना आणि एक आमच्या ह्यांना. "सर, ओव्हन किती टेंपरेचरला चालतो?" हा प्रश्न ह्यांना. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, १८० ते २००, पावडरवर अवलंबून, पत्रा जाड असेल तर वेळ वाढवायला लागते. मॅनेजरांनी मान डोलावली, पण ह्यांच्याकडे बघून. रस्त्यात हे म्हणाले, "मला घरच्या गिझरचं टेंपरेचर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं." तेव्हा हसलो दोघंही. मग निकाल कळला: पतीची हमी आणि त्यांच्या नावच्या घराचा उतारा तारण, तरच फाइल पुढे जाईल. हे सगळं तोंडी. कागदावर एक अक्षर नाही.

हे सही करायला तयार होते. मीच नको म्हटलं. आमच्या लाइनीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने त्याच शाखेतून आदल्या वर्षी मशीनसाठी कर्ज घेतलं होतं. नवऱ्याचं खातं कुठल्या बँकेत आहे हेही त्याच्या बायकोला माहीत नाही, सही करायचा प्रश्नच नव्हता.

मॅनेजरांची बाजूही लिहायला हवी. आमच्या एमआयडीसीत बायकोच्या नावाने उद्यम काढून धंदा नवऱ्याने चालवायचा, हा प्रकार भरपूर आहे. सबसिडी मिळते, म्हणून पाटीवर बायकोचं नाव. मॅनेजरांनी असल्या दहा फाइली बघितल्या असणार. पण मग खरी मालकीण कोण हे ओळखायला प्रश्न मला विचारायचा की ह्यांना?

माझ्याकडे हँगिंगला, म्हणजे माल हुकाला लावायला, एक बाई आहे. तिने पोटगीच्या केससाठी कोर्टातून मिळणारा फुकटचा वकील घेतला होता. जेवणाच्या सुट्टीत माझी चिडचिड ऐकून ती म्हणाली, "वहिनी, बायकांना फुकट असतोय की." मी म्हटलं, अगं, तो गरिबांना. ती म्हणाली, "बायकांना."

तिचंच बरोबर निघालं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, आणि त्याच्या कलम १२ मध्ये कोणाला मोफत कायदेशीर मदत मिळेल याची यादी आहे. त्यात 'स्त्री किंवा बालक' असा एक वेगळाच खण आहे. उत्पन्नाची अट आहे ती दुसऱ्या खणात. म्हणजे वर्षाला चाळीस लाखांची उलाढाल असली तरी मी बाई आहे एवढं पुरे. मोफत मदत म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं असंही नाही. कुठल्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला त्यात येतो, दुसऱ्या कुठल्या प्राधिकरणापुढचं कामही येतं. केस केलीच पाहिजे असं नाही. हे मला दहा वर्षांत ना सीएंनी सांगितलं, ना महिला उद्योजकांच्या मेळाव्यात स्टेजवरून कोणी सांगितलं. मेळाव्यात तुळशीचं रोप मिळालं.

एक मेख मात्र आहे. मी प्रोप्रायटर आहे, म्हणजे धंदा माझ्या एकटीच्या नावावर, म्हणून अर्जदार मी. धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड केलेली असेल आणि तक्रार कंपनीची असेल, तर अर्जदार कंपनी होते, आणि कंपनी काही बाई नसते.

प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारात, मागच्या अंगाला. बाकं स्वच्छ, पंखे चालू, प्यायचं पाणी गार. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने उत्पन्नाचा दाखला मागितला. मी निमूट तहसीलला गेले आणि अर्धा दिवस घालवून आले. दुसऱ्या दिवशी खिडकीवर दुसरंच कोणी होतं. "तुम्हाला कशाला दाखला? महिलांना लागत नाही." कापलेल्या ताऱ्यातला पहिला तुकडा हा. एक पानी फॉर्म, आधारची झेरॉक्स, तक्रार थोडक्यात. वकील नेमून मिळायला अकरा दिवस लागले. घाईत असाल तर आधी १५१०० वर फोन करा, तो राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, निदान कुठल्या खिडकीवर जायचं ते कळतं.

वकील मॅडम पस्तिशीच्या आतल्या, स्कूटीवरून येणाऱ्या. पहिल्या भेटीतच म्हणाल्या, "ताई, स्पष्ट सांगते. माझ्या केसेस पोटगीच्या, घरगुती हिंसाचाराच्या, अपघाताच्या. बँकेचं मला वाचायला लागेल. आठ दिवस द्या." मला हे आवडलं. सगळं येतं म्हणणारे वकील मी आधी पैसे देऊन बघितलेत.

आठ दिवसांनी त्यांनी जे सांगितलं त्याने माझा हिरमोड झाला. माझ्या डोक्यात होतं की भेदभाव झाला, म्हणजे भेदभावाची केस ठोकायची. तसा कायदाच नाही म्हणाल्या. संविधानाचं कलम १५ लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ती मनाई मुख्यतः सरकारला. खाजगी व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याशी, ती बाई आहे म्हणून, वाकडं वागू नये असं सांगणारा एकच एक कायदा आपल्याकडे नाही. सरकारी बँक ही 'राज्य' या व्याख्येत येते, तेव्हा तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्क मोडल्याचा अर्ज, करता येईल. "पण कोर्ट कर्ज द्या म्हणून सांगणार नाही. फार तर पुन्हा विचार करा म्हणेल. तोवर तुमचा सीझन गेला."

मग काय? तर अपमान बाजूला ठेवायचा आणि त्या अपमानाच्या ओघात समोरच्याने कुठला नियम मोडला ते शोधायचं. नियम कंटाळवाणे असतात. पण दाद मागायला खिडकी असते ती त्या कंटाळवाण्या नियमांनाच. वकील मॅडमनी वहीत असे नियम लिहून आणले होते. कर्जाच्या अर्जाची पोच द्यायची. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवायचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या (तेव्हाची मर्यादा) कर्जासाठी तारण मागायचं नाही. आणि रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांसाठी २००३ मध्ये जी न्याय्य व्यवहार संहिता काढली, तिच्यात लिहिलंय की कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. २०१४ च्या ग्राहक हक्कांच्या सनदेतही तेच. वाक्य एका ओळीचं आहे. पण ते छापलेलं आहे, आणि छापलेल्या वाक्यावर बोट ठेवता येतं.

"आधी सगळं कागदावर आणा," त्या म्हणाल्या. "आत्ता तुमच्याकडे फक्त राग आहे."

म्हणून सगळं पहिल्यापासून. अर्ज नव्याने, दोन प्रतींत, आणि आवक खिडकीवर शिक्का मागायचा. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, साहेबांना विचारतो. आत गेला तो वीस मिनिटांनी आला. मी हलले नाही. जांभळ्या शाईचा तो वाकडा शिक्का, त्यात तारीख निम्मी उमटलेली, ती मी पेनाने वरून लिहायला लावली आणि सही घेतली. तो कागद अजून माझ्या कपाटात लॅमिनेट करून ठेवलाय. लॅमिनेट करायचं नसतं असं वकील मॅडम नंतर म्हणाल्या.

महिन्याने उत्तर आलं: 'तांत्रिक कारणास्तव प्रस्ताव विचारात घेता येत नाही.' ह्याला कारण म्हणत नाहीत. मग माहिती अधिकार. सरकारी बँक असल्याने हा रस्ता मिळाला, खाजगी बँक असती तर नसता. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि एकच मागणी: माझ्या स्वतःच्या अर्जावर शाखेत झालेल्या नोंदींची प्रत. मुदत तीस दिवसांची, उत्तर एकोणतिसाव्या दिवशी. दोन पानं होती, एका पानावर अर्ध्या ओळी काळ्या केलेल्या. उरलेल्या अर्ध्यात इंग्रजीत एक ओळ. मराठीत ती अशी: प्रोप्रायटर महिला, पती व्यवसायात नाहीत, पतीची हमी व तारण घेतल्याशिवाय शिफारस नाही.

ते वाचताना मी गाळ्यात उभी होते, हातात ग्लोव्हज होते. राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं. एवढे दिवस आमचे हे सोडले तर बाकी सगळे मला सांगत होते की तुझ्या मनाचे खेळ आहेत.

तक्रारीचा मसुदा हे वकील मॅडमचं खरं काम, आणि चार तारे आहेत ते त्यासाठी. मी कच्चं लिहून नेलं होतं त्यात चहाचा कप होता, गिझर होता, तीन पानं होती. त्यांनी दीड पान केलं. 'मला कर्ज द्या' हे वाक्य त्यांनी सगळीकडून काढलं. कारण बँकेतून दाद लागली नाही तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, आणि २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेचा व्यावसायिक निर्णय हा विषयच बाहेर ठेवला होता. कर्ज द्यावं की नाही हा व्यावसायिक निर्णय. पण पोच न देणं, कारण न कळवणं, १० लाखांच्या आत तारण मागणं आणि 'प्रोप्रायटर महिला' हे कारण म्हणून लिहिणं ह्या सेवेतल्या त्रुटी. तक्रार तेवढ्याचीच. आधी बँकेकडे लेखी, उत्तर नाही आलं तर तीस दिवस थांबायचं, मग लोकपालाकडे ऑनलाइन किंवा टपालाने, फी नाही. हेल्पलाइन १४४४८.

मला लोकपालापर्यंत जायला लागलं नाही. सत्ताविसाव्या दिवशी बँकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून फोन आला. बोलणाऱ्या अधिकारी बाईच होत्या. डिसेंबरात कर्ज मंजूर झालं, सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या, हमीवर. त्या योजनेत तारण लागत नाही, तिसऱ्या माणसाची हमीही लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओव्हन बसला. मधला दसरा-दिवाळीचा सीझन गेला, त्याची भरपाई कुणी दिली नाही. मी मागितलीही नाही. वकील मॅडम मागा म्हणत होत्या. लोकपालाला २० लाखांपर्यंत नुकसानभरपाई आणि मनस्तापाचे १ लाखापर्यंत द्यायचा अधिकार त्या योजनेत होता. पण मंजुरी हातात आल्यावर मला भांडायची ताकद राहिली नव्हती.

दुसरं प्रकरण लहान, पण ते जास्त जणींच्या कामाचं असेल म्हणून लिहिते. एका कंपनीकडे माझे ३ लाख ८६ हजार अडकले होते. बाकीच्या जॉबवर्कवाल्यांचे पैसे साठ दिवसांत सुटायचे, माझे सहा महिने झाले तरी नाहीत. अकाउंटचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय घाई? घर तर सरांच्या पगारावर चालतंय ना." माझ्या सात माणसांचा पगार सरांच्या पगारावर चालत नाही. हेही मी भेदभाव म्हणूनच घेऊन गेले. वकील मॅडम आता तयार झाल्या होत्या, त्यांनी विचारलं, "उद्यमचा दाखला कधीचा?" काम घेण्याच्या आधीचा होता. तो आधीचाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसं सांगितलंय. काम झाल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांना तो फायदा मिळत नाही.

लहान-मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. करार नसेल तर पंधराच दिवस. पुढे बँक रेटच्या (हा दर रिझर्व्ह बँक ठरवते) तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे वर्षाला २०.२५. समाधान या थकबाकीच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर मी स्वतः अर्ज भरला, वकील मॅडमनी फक्त तपासला. सुनावणीच्या आधीच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुद्दल जमा झालं. आता ते माझ्या अर्जाला घाबरले की इन्कम टॅक्सला, देव जाणे. त्याच वर्षीपासून आयकर कायद्यात ४३बी मध्ये नवं पोटकलम आलं होतं, की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाहीत. त्या मार्चमध्ये सगळ्या एमआयडीसीत पैसे सुटत होते. तेहतीस हजारांच्या आसपास व्याज निघत होतं, ते मी सोडलं. त्या कंपनीने नंतर मला काम दिलं नाही. ह्यावर कुठलीच खिडकी नाही. कुणी कुणाला काम द्यावं हे कायदा सांगत नाही.

तिसरा अनुभव माझा नाही, ओळखीतल्या एकीचा. तिचं कारखान्यांना डबे द्यायचं काम आहे. एका कारखान्याचा स्टोअरमधला माणूस नको ते बोलायचा, एकदा हात धरला. ती म्हणायची, मी तिथली नोकर नाही, मग कंपनीकडे तक्रार कशी करू? २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात पीडित स्त्री 'नोकरीत असो वा नसो' असे शब्द आहेत. अशा तक्रारी ऐकणाऱ्या त्या कारखान्याच्या अंतर्गत समितीकडे ती जाऊ शकत होती. हे तिला मी सांगितलं तेव्हा घटनेला पाच महिने झाले होते. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण दिलं तर आणखी तीन. ती एवढंच म्हणाली, "राहू दे." आणि आपलं युनिट दहा माणसांच्या आतलं असेल, तर आपल्याकडच्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता आता माझ्या गाळ्यात हजेरीच्या वहीशेजारी चिकटवलाय.

महिला आयोगाचं विचाराल तर ते बोलावून घेऊ शकतात, कागद मागवू शकतात, वजनही पडतं, पण शेवटी शिफारस. पैशांच्या बाबतीत तिथे वेळ घालवू नये असं माझं मत. सरकारी टेंडरमध्ये किंवा परवान्यात बाई म्हणून अडवलं असेल तर मात्र रिटचा विचार जरूर करा. पंजाबच्या १९१४ च्या अबकारी कायद्यात दारूच्या ठिकाणी बायकांनी काम करायचं नाही असं कलम होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते २००७ मध्ये उडवलं. तुमच्या भल्यासाठीच बंदी घातलीय, हे सरकारचं म्हणणं कोर्टाने चालू दिलं नाही. आणि आपल्या भागातल्या लोकांना आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळे त्यात.

कापलेल्या ताऱ्याचा बाकीचा हिशोब. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या (यादीतल्या) वकिलांकडे धंद्याची प्रकरणं फारशी येत नाहीत. मला मिळाल्या त्या वाचणाऱ्या होत्या, सगळे तसे असतील असं नाही. तारखेच्या दिवशी त्या कोर्टात असत आणि मी बाकावर, कधी दोन तास. ज्यांचा गाळा आपण नसलो की बंद पडतो त्यांना हे जड जातं. दुसरं म्हणजे लाज. बाकावर शेजारी बसलेल्या बायकांची दुखणी बघून आपण इथे ओव्हनसाठी आलोय ह्याची लाज वाटते. मी एकदा तसं बोलले तर शेजारची म्हणाली, "का, तुमचा ओव्हन म्हणजे तुमचं पोटच की."

पैसे देऊ नका. पॅनेलच्या वकिलांना पक्षकाराकडून काही घेता येत नाही. मी पाकीट पुढे केलं होतं, वकील मॅडमनी नुसता चहा घेतला. आवारातल्या कॅन्टीनचा चहा बेताचा, भजी बरी. झेरॉक्सवाला दुपारी दोन ते तीन बंद असतो, कागद घरूनच काढून न्या. दोन-दोन प्रती. एक त्यांना द्यायची, एकीवर शिक्का घ्यायचा, आणि तारीख नीट उमटली का ते खिडकीसमोरच बघायचं.